खुरातलं पिंपळपान

कुपवाडला माझ्या लेकाकडं कुणी पाहुणं आलं की सूनबाई चहा ठेवता ठेवता सांगते, "आमच्या सासूबाईंना घोड्याच्या पायाचे एक्सरे वाचता येतात." पाहुणे हसतात, मीही हसते. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे काही आलं ते किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत आलं. एक्सरे कुठला वाचतेय मी. पण घोड्याच्या खुरात रक्त कुठवर पोचलंय आणि कुठं पोचायचं थांबलंय, एवढं मात्र मला चित्र बघून सांगता येतं. कारण ती चित्रं निघत होती तेव्हा एक्सरेची पाटी माझ्या हातात होती. आणि काढणाऱ्या होत्या साताऱ्याच्या आमच्या शेजारीण, डॉक्टर रत्नमाला. गेल्या साली त्या गेल्या. मला उशिरा कळलं, तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून हे लिहायला बसले. लिहिते कसली, बोलतेच आहे, तुम्ही ऐका.

साताऱ्याला आमची भिंतीला भिंत. माझे मालक पलटणीतून रिटायर होऊन आले, हौसेनं घर बांधलं आणि त्यात फार दिवस राहिले नाहीत. त्यानंतर शेजारचं घर या बाईंनी घेतलं. एकट्या होत्या. लग्न केलंच नव्हतं की करून मोडलं होतं, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. माहेर कुंडलचं, उसाची शेती, घरातले निम्मे पुरुष फौजेत. अंगानं उंच, हडकुळ्या, केस मानेवर कापलेले, आणि बारा महिने भावाचा जुना फौजी स्वेटर. जनावरांच्या डॉक्टर होत्या, पण गाईम्हशी बघत नसत. "गाईला डॉक्टर लय हायती काकी, घोड्याला कोण हाय?" असं म्हणायच्या. एरवी साताऱ्यात चांगलं शहरी बोलत, पण राग आला किंवा घोडा जवळ आला की कुंडल तोंडात यायचं. वरातीचे घोडे, शर्यतीचे घोडे, मेंढपाळांची तट्टं, देवाचे मानाचे घोडे, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणाचाही घोडा लंगडला की बाईंना फोन. लोक त्यांना 'घोड्याच्या बाई' म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

आता मी यात कशी पडले ते सांगते. बाईंच्या हाताखाली एक माणूस होता, तो काम सोडून गेला. दुसरा ठेवला, तोही गेला. एक्सरेच्या मशीनजवळ उभं राहिलं की पोरं होत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. बाईंनी शिशाचा एप्रन दाखवला, पाटी धरायची लांब दांडी दाखवली, पुस्तकं दाखवली, उपयोग झाला नाही. मग एक दिवस भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काकी, तुमाला आता पोरं व्हायची राहिलीत का?"

मी म्हटलं, "झालंय तेवढं एक पुरे आहे."

"मग चला की."

अशी मी वयाच्या साठीनंतर जीपमध्ये बसून घोड्यांच्या पायांकडं निघाले. तो एप्रन अंगात घातला की दळणाचा डबा गळ्यात बांधल्यासारखं वाटायचं.

काम काय होतं ते नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घोड्याचं खूर वरून दगडासारखं दिसतं. पण त्याच्या आत एक हाड असतं, आणि ते हाड खुराच्या भिंतीला आतून हजारो बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. त्या पापुद्र्यांना रक्त लागतं. रक्त तुटलं की पकड सुटते, आणि अख्ख्या घोड्याचं वजन त्या हाडावर येऊन ते खाली सरकायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. घोडा लंगडतो, बसून राहतो, एवढंच. आत किती बिघडलंय हे बघायला बाई खुरातल्या शिरांचं चित्र काढायच्या. आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायच्या, मग पाय बधिर करायच्या, घोड्याला दोन लाकडी ठोकळ्यांवर उभा करायच्या. खुराच्या वरच्या सांध्याला रबराची पट्टी करकचून आवळली की खालच्या शिरेत औषध सोडायचं. ते दिसायला पाण्यासारखं, पण चित्रात पांढरं उमटतं. मग सगळी घाई. औषध शिरांबाहेर झिरपायच्या आत चित्रं घ्यायची. बाई गुडघ्यावर बसून मशीन धरायच्या, मी पलीकडून पाटी. "हलू नका काकी. श्वास बी घेऊ नका." मग पट्टी सोडली की झालं.

चांगल्या खुराचं चित्र मी पहिल्यांदा बघितलं ते कुपवाडलाच, एका वरातीवाल्याच्या घोडीचं. बाळू त्याचं नाव. त्याची घोडी पाय टेकत नव्हती आणि लग्नाचे दिवस तोंडावर. आम्हा दोघी बायकांना बघून तो त्याच्या मित्राला म्हणाला, "आरं, घोडीचा फोटो काढाय आल्यात. बाई, तोंडाचा काढा की, पायाचा बघून कोण पसंत करंल?" बाई म्हणाल्या, "तुझं लग्न झालंय का रं?" तो म्हणाला, झालंय. "मग तुझं तोंड बघून केलं असंल व्हय तिनं?" मित्र इतका हसला की घोडी बिचकली.

चित्र स्क्रीनवर आलं आणि मी हरखले. आपण लहानपणी पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी पुस्तकात ठेवायचो ना, तशीच जाळी होती. हाडाच्या भोवती, खुराच्या टोकापर्यंत, पांढऱ्या बारीक शिरांचं पिंपळपान. बाईंनी ते बाळूला दाखवलं. म्हणाल्या, पान भरलेलं आहे, काळजी करू नकोस, खुरात पू झालाय तेवढा काढते. आणि काढला. बाळूनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तशा ओरडल्या, "घोडीच्या पायावर ठेव, वर्सभर नाचवलीयस तिला."

त्यांची एक रीत होती. फोनवर कधीही काही सांगायच्या नाहीत, बरं नाही की वाईट नाही. चित्र निघाल्यावर बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या, मालकाला समोर बोलवायच्या, आणि स्क्रीन त्याच्याकडं फिरवायच्या. आपण काही बोलायच्या आधी त्याला बघू द्यायच्या. मी विचारलं, त्या अडाण्याला काय कळणार त्यात? मला म्हणाल्या, "त्येचा घोडा हाय. त्येनं बघितल्याबिगर मी काय सांगू?" आणि ज्या गोठ्यात वाईट चित्र निघायचं, तिथं घोटभर पाणीही प्यायच्या नाहीत. मालक रडत रडत चहा आणायचा. बाई हात जोडायच्या आणि तसाच परत पाठवायच्या.

सगळीच वाईट निघायची असं नाही. साताऱ्यात एक सुभेदार होते, त्यांचं म्हातारं तट्टू. चित्रात पुढची बाजू जवळजवळ कोरी, पण काठाला दोनतीन धागे दिसत होते. सुभेदार म्हणाले, बाई, आम्ही फौजेत लंगड्या घोड्याला गोळी घालायचो, विषय संपायचा. बाईंनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग तुमच्या गुडघ्याचं काय करायचं सुभेदारसाहेब, गोळीच?" त्या दोनतीन धाग्यांसाठी बाईंनी सगळा पावसाळा घालवला. लाकडाचे नाल करून घेतले, गोठ्यात गुडघाभर वाळू टाकली, चारा तोलून दिला. दिवाळीत ते तट्टू चालत माझ्या दारात आलं.

एकदा येताना जीपमध्ये त्यांनी सांगितलं, न विचारता. नोकरीच्या सुरवातीला, कुठल्यातरी मोठ्या पागेत, एक घोडी त्यांनी बाहेरून बघून, हात लावून, 'वाचत नाही' असं सांगितलं होतं. साहेबांनी त्यांच्या शब्दावर तिला मारायचं इंजेक्शन दिलं. नंतर खूर कापून बघितलं तर आत रक्त होतं, हाड जागेवर होतं. घोडी वाचली असती. मला त्या दिवशी कळलं की हे चित्रांचं वेड कशातून आलंय. लोकांना वाटायचं बाई फोटो काढून बरं करतात. बाई फोटो काढायच्या ते मारायच्या आधी खात्री व्हावी म्हणून. जगणारं जनावर आपल्या हातून मरू नये, आणि मरणारं जनावर उगाच तडफडत राहू नये, या दोन भीतींच्या मधे त्या सगळा जन्म उभ्या होत्या.

आता देवाच्या घोड्याचं सांगते. सांगायचं जिवावर येतं, पण तेच सांगायचं आहे.

फोन आला तो सुरेखाचा. कुंडलपासून फार लांब नाही असं एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या देवाचा पांढरा मानाचा घोडा तात्या म्हणून एक म्हातारे सांभाळायचे, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात तो मान. सुरेखा त्यांची सून. बाई आमच्या अंगणात जेवायला बसल्या होत्या, हात खरकटा म्हणून फोन मीच त्यांच्या कानाला धरला होता, त्यामुळं मलाही ऐकू आलं. सुरेखा दबक्या आवाजात बोलत होती.

"बाई, समदी म्हणत्यात घोडा देवाच्या पाया पडतोय. पाया न्हाई वो पडत. त्येचं पाय दुखत्यात. उभ्या उभ्या दात खातोय."

बाईंनी ताट सरकवलं आणि उठल्या.

झालं होतं ते असं. यात्रेच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरानं देवाच्या घोड्याला ओंजळभर भिजवलेले हरभरे आणि गूळ स्वतःच्या हातानं चारायचा, अशी तिथली जुनी चाल. पूर्वी घरं थोडी होती. आता गाव वाढलं, भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पुण्यामुंबईला गेलेले सगळे यात्रेला येतात, आणि प्रत्येकाला आपल्याच हातानं चारायचं असतं, चारताना मोबाइलवर फोटो हवा असतो. देवाच्या घोड्याला 'पुरे' कोण म्हणणार? घोडा दिवसभर खात राहिला. एवढं धान्य घोड्याच्या पोटात सडतं आणि त्याचं विष पायात उतरतं, हे कुणाला माहीत. दोन दिवसांनी घोडा देवळाकडं तोंड करून उभा राहिला. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकलेले, अंगाचा भार सगळा मागं, मान खाली. दुखऱ्या खुरांवर वजन नको म्हणून बिचारा तसा उभा होता. पण समोरून बघणाऱ्याला वाटावं, जनावर वाकून नमस्कार घालतंय. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो सगळीकडं फिरला. आजूबाजूच्या गावांतून माणसं दर्शनाला यायला लागली. आणि येणारा प्रत्येक जण रिकाम्या हातानं कसा येईल, हरभरे घेऊन आला.

आम्ही पोचलो तेव्हा रांग लागलेली. बाईंच्या पायात बूट होते, कुणीतरी म्हणालं, देवाचा घोडा हाय, पायताण काढा. त्यांनी मुकाट्यानं काढले. घोड्याजवळ जाऊन त्याच्या खुरावर तळवा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी वाकून हात लावला. तव्यावरून उतरल्यासारखं गरम खूर. घोड्याच्या अंगावर घाम होता, आणि त्याचे दात वाजत होते, करकर. रांगेतल्या बायका म्हणत होत्या, जप करतोय.

चित्रं काढली. मी पाटी धरली, पहिल्या पायाला, मग दुसऱ्या. स्क्रीनवर आली तशी माझ्याच तोंडातून 'आई गं' निघालं. पानच नव्हतं. मागं टाचेकडं थोडी जाळी होती, आणि पुढची सगळी बाजू कोरी. दोन्ही पायांत तसंच.

बाई बादलीवर बसल्या. तात्यांना बोलावलं. त्यांनी त्या चित्राशेजारी बाळूच्या घोडीचं चित्र उघडून ठेवलं. तात्या डोळे बारीक करून बघत राहिले.

"ह्ये कुठलं?"

"कुपवाडच्या एका घोडीचं. जित्या पायाचं."

"आन् ह्ये?"

"ह्ये आपल्या घोड्याचं."

तात्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं काय न्हाई."

"न्हाई."

"येतंय का परत?"

"न्हाई येत तात्या. आतलं हाड सुटलंय. आता ते रोज थोडं थोडं खाली येनार. तवर त्येला असंच दुखनार." मग एवढंच म्हणाल्या, "मला त्येला झोपवू द्या."

रांगेतल्या बायका एव्हाना रांग मोडून भोवती आल्या होत्या. त्यांनीही बघितलं. एक म्हातारी होती, कंबरेत वाकलेली, हातात हरभऱ्याची वाटी तशीच. तिनं विचारलं, "बाई, आमच्या वंजळीनं झालं का ह्ये?"

मला वाटलं बाई काहीतरी गोल बोलतील. कुणीही बोललं असतं. नशीब म्हटलं असतं, हवा म्हटली असती. बाई तिच्याकडं बघत राहिल्या.

"व्हय आज्जी. एकीच्या न्हाई. समद्यांच्या."

म्हातारी खाली बसली. आणि मग गलका उठला. यात्रा कमिटीचे एक दादा होते, पुढं आले. म्हणाले, आमच्या पणज्यापासनं ही चाल हाय, तवा एकाबी घोड्याला काय झालं न्हाई. बाईंनी विचारलं, तवा घरं किती हुती? दादांचा आवाज चढला. "बाई, तुमी औषध द्याय आलाय का देवाला शिकवाय?" मागून कुणीतरी घाण बोललं, ते लिहीत नाही.

तात्या मात्र शांत होते. म्हणाले, देवाचा घोडा हाय, त्याला मारायचं माझ्या हातात नाही आणि दादाच्याही हातात नाही. कौल लावावा लागेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला डावीउजवीकडं फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. मला वाटलं आता बाई भडकणार. पण त्या म्हणाल्या, "लावा. मला चित्राबिगर सुई टोचता येत न्हाई, तुमाला कौलाबिगर व्हय म्हणता येत न्हाई. लावा."

आम्ही देवळाच्या पायरीशी उभ्या राहिलो. बाईंच्या हातात औषध भरलेली सुई होती, त्यांनी ती स्वेटरच्या बाहीत धरली होती. बाहेर घोड्याचे दात वाजत होते. पाकळी पडायला फार वेळ लागला. पडली ती डावी.

बाईंनी सुई रिकामी केली, पेटी बंद केली. जीपमध्ये मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, एवढं स्पष्ट चित्र असताना एका पाकळीपुढं गप्प कशा बसलात? त्या गाडी चालू न करता बसून होत्या. "काकी, त्यांनी माझं चित्र बघितलं की. मग मी त्यांचा कौल नको बघाय?"

तेवढे दिवस साताऱ्याला परत गेल्याच नाहीत. कुंडलला आईच्या घरी राहिल्या, मलाही ठेवून घेतलं, आणि रोज उठून त्या गावात. दुखणं कमी करायची इंजेक्शनं, खुरांना बर्फ, खाली वाळू, पायांना फोमच्या गाद्या. वाचवता येत नव्हतं आणि मारू देत नव्हते, म्हणून मधलं जेवढं करता येईल तेवढं. हरभरे बंद केले ते सुरेखानं. गोठ्याच्या दारात आडवी बसायची, कुणी आलं की म्हणायची, "लांबनं दर्शन घ्या." सासऱ्यांच्या समोर कधी मान वर न केलेली ती बाई, कमिटीच्या दादांनाही तिनं आत सोडलं नाही. मग घोडा आडवा झाला, उठायचा बंद झाला, आणि गर्दी आपोआप ओसरली. पडलेल्या घोड्याचा व्हिडिओ कोण काढतंय. त्याच्या कुशीला जखमा पडल्या. तात्या दिवसभर उपरण्यानं माश्या वारत बसायचे. बाई त्यांना काही म्हणायच्या नाहीत. एकदाही 'बघा, मी सांगत होते' नाही. मला ते जमलं नसतं.

एक दिवस सकाळी बाई खुराची पट्टी बदलत होत्या आणि तात्यांनी पाय धरला होता. पट्टी निघाली. खुराचा तळवा फाटला होता आणि त्यातून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. बाई हात तसेच ठेवून थांबल्या. तात्यांनी बघितलं. पाय हळूच वाळूवर ठेवला, उठले, हात धुतले. त्या घोड्याच्या गळ्यात देवाची पितळी घुंगरांची माळ असायची, कायम, झोपलेला असला तरी. तात्यांनी त्याची मान उचलून ती माळ काढली आणि सुरेखाच्या हातात दिली.

"देवळात ठिवून ये. ह्यो आता देवाचा न्हाई. माझा हाय."

दादा आणि आणखी दोघं तिथं होते. दादा म्हणाले, तात्या, कौल डावा पडलाय, पाप लागंल.

"देवाचा हुता तवा कौल लावला. माझ्या जनावराला मी कौल लावत न्हाई. पाप लागंल ते मला लागंल, गावाला न्हाई." मग बाईंकडं वळले. "टोचा बाई."

बाईंनी बूट काढले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तात्यांनी घोड्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई गेली. बाईंचा तळवा घोड्याच्या छातीवर होता, आणि दात वाजायचे थांबले तरी त्यांनी तो उचलला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं सुटल्यासारखं काही दिसेल. तसं काही नव्हतं.

गावानं जागा दिली नाही. तात्यांनी आपल्या उसाची कडेची सरी मोडून तिथं खड्डा घेतला, जेसीबीवाला बाईंनी कुंडलवरून बोलावला. आठवड्याभरात कमिटीनं तात्यांच्या घरातला मान काढून घेतला. बाईंनाही काही कमी सोसावं लागलं नाही. 'देवाचा घोडा मारणारी' म्हणून मोबाइलवर त्यांचा फोटो फिरला. वरातवाल्यांनी बोलवायचं सोडलं, शुभकार्याच्या घोड्याला या बाईचा हात नको म्हणून. बाळू तेवढा येत राहिला. फोन वाजायचा कमी झाला तशा बाई अंगणात बसून राहायला लागल्या. एकदा भिंतीपलीकडून मला विचारलं, "काकी, त्या आज्जीला मी व्हय म्हणाले, ते म्हणायला नको होतं का?" मी खरं ते सांगितलं, की मला म्हणवलं नसतं. त्यांनी मान हलवली. पुढं काही दिवसांनी कळलं की त्या अधूनमधून त्या म्हातारीला भेटायला जातात. काय बोलायच्या कुणास ठाऊक.

पुढच्या यात्रेपर्यंत गावानं देवाला नवा घोडा आणला. तांबूस रंगाचा, तरणा, सांभाळणारं घरही नवं. यात्रेच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, काकी, येताय का? मला वाटलं कुणी बोलावलंय. कुणीच बोलावलं नव्हतं.

गेलो. यात्रेचा दिवस, घोडा देवळासमोर सजवून उभा केलेला, बायकांची रांग लागायला सुरवात झालेली, प्रत्येकीच्या हातात हरभऱ्याची वाटी. बाई सरळ जाऊन घोड्याच्या तोंडापुढं उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. पहिल्या बाईला कळेना. बाई म्हणाल्या, "द्या माझ्याकडं. मी पोचवते." पायाशी एक पोतं ठेवलं होतं, त्यात टाकत होत्या. कमिटीचे दादा आले, देवाचा मान आडवू नका म्हणाले, मग ओरडले, मग दोघांना बोलावलं. पण परगावच्या एवढ्या बायकांसमोर एका बाईच्या अंगाला हात कोण लावणार? त्या तिथून हलल्या नाहीत. काही बायकांनी दिलं. काहींनी तोंडावर शिव्या दिल्या आणि मग दिलं. काही वाटी झाकून तशाच माघारी गेल्या. सुरेखा लांब पिंपरणीच्या झाडाखाली उभी होती, तात्या आलेच नव्हते. ती कंबरेत वाकलेली म्हातारी आली, तिनं वाटी बाईंच्या हातात रिकामी केली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. बाई वाकल्या, ऐकलं, पुन्हा ताठ उभ्या राहिल्या.

उन्ह चढलं. माझे गुडघे त्या वर्षी फार दुखायला लागले होते, पुढं ऑपरेशनच झालं आणि मी कुपवाडची झाले. लेक गाडी घेऊन मला तिथंच न्यायला आला होता. मी बाईंना म्हटलं, चला आता, किती वेळ पुरणार तुम्ही? त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, तुमी व्हा पुढं.

गाडीत बसून मी काचेतून मागं बघितलं. रांग वाढतच होती, देवळाला वळसा घालून पार ओढ्यापर्यंत गेली होती. एका तरण्या बाईनं बाईंच्या काखेखालून हात घातला आणि ओंजळ सरळ घोड्याच्या तोंडात दिली. तिची मैत्रीण मोबाइल धरून फोटो काढत होती. डॉक्टरबाई वळल्या, घोड्याच्या जबड्यात बोटं घातली, चावलेले हरभरे बाहेर ओढून काढले, हात झटकला, आणि पुन्हा रांगेकडं तोंड करून ओंजळ पुढं केली.